टेस्ट निगेटिव्ह येते, तरी एचआयव्हीची भीती जात नाही. सांगली-मिरजेकडच्या जाणकारांनी कृपया बोला

येरळाकाठचा

नमस्कार. विषय नाजूक आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय. वय २८, गाव तासगाव तालुक्यात, नोकरी मिरजेत. गेल्या वर्षी पुण्यात असताना संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. समोरच्या व्यक्तीबद्दल मला काही माहिती नाही आणि आता संपर्कही नाही. त्या प्रसंगाच्या बऱ्यावाईटावर इथं चर्चा नको, एवढी विनंती.

सहा आठवडे झाल्यावर खाजगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची टेस्ट केली, नॉन-रिॲक्टिव्ह. तीन महिने उलटल्यावर पुन्हा केली, नॉन-रिॲक्टिव्ह. मग सांगली सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात केली, तिथंही निगेटिव्ह. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मन थांबेना. कधी कऱ्हाडात, कधी कोल्हापुरात, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लॅबमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा रक्त देत राहिलो.

आता खरी अडचण सांगतो. रिपोर्टवर नॉन-रिॲक्टिव्हच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. आधी ०.११ होता, मग ०.१६, आणि परवाच्या रिपोर्टवर ०.२७. आकडा चढतोय. अंगात काहीतरी हळूहळू वाढतंय आणि मशीनला ते अजून नीट दिसत नाही, असं सारखं वाटतं. काउंटरवर विचारलं तर "निगेटिव्ह आहे ना, मग झालं की" म्हणून बोळवण केली. वजन उतरलंय. रात्री घाम येतो. जीभ पांढरी दिसते. रोज सकाळी बॅटरी लावून आरशात घसा बघतो.

घरात सोयरीक बघणं चालू आहे. द्राक्षाची छाटणी उरकली की पाहुण्यांकडं जायचं ठरलंय. आई म्हणते पोरगा खंगत चाललाय, लग्न करून टाकू म्हणजे जेवणाची आबाळ थांबेल. तिला काय सांगू? उद्या माझ्यामुळं एका पोरीचं वाटोळं झालं तर, या विचारानं झोप लागत नाही. किट खराब असू शकतं का? आकड्याचा अर्थ काय? काही लोकांच्या अंगात अँटीबॉडी वर्षभर तयारच होत नाहीत असं वाचलं, ते खरं का? जे खरं असेल ते सांगा, माझं समाधान करायला म्हणून नको.

कोयनाकाठ

तीन महिन्यांनंतरची टेस्ट निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. सरकारी आयसीटीसीचा रिपोर्ट असेल तर शंका ठेवू नका. बाकी जाणकार लिहितीलच.

पैलवान_७७

भावा, घाई करू नको. विंडो पिरियड, म्हणजे लागण असून टेस्टला दिसत नाही तो काळ, सहा महिन्यांचा असतोय, कुणाला वर्षाचा. आमच्या शेजारच्या गावात एकाला दहा वर्षांनी निघाला. लग्न दोन वर्षं पुढं ढकल. आणि टेस्टला पैसे घालवू नको, रक्तदान शिबिरात रक्त दे. ते सगळं तपासतात, काही असलं तर फोन येतो.

मिरज_लॅबवाला

पैलवान, तुमचा हेतू चांगला असेल, पण यातली एकही गोष्ट बरोबर नाही. रक्तदानाबद्दल कुणीतरी सविस्तर लिहावं, मी आकड्याचं लिहितो. माझा रोजचा दिवस त्याच मशीनसमोर जातो.

येरळाकाठचा भाऊ, तो आकडा विषाणू किती आहेत ते सांगत नाही. नीट समजून घ्या. तुमच्या रक्ताचा नमुना मशीनमध्ये रसायनांबरोबर मिसळला जातो. रक्तात एचआयव्हीच्या अँटीबॉडी किंवा पी२४ नावाचं विषाणूचं प्रथिन असेल तर त्या मिश्रणातून प्रकाश निघतो आणि मशीन तो मोजतं. पण अगदी निरोगी रक्त घातलं तरी प्रकाश शून्य येत नाही. रक्तातली इतर प्रथिनं थोडीफार चिकटतात, धुऊन काढताना थोडं मागं राहतं, त्या दिवशीचं रसायनाचं लॉट वेगळं असतं. म्हणून कंपनी एक रेघ ठरवते, तिला कटऑफ म्हणतात. तुमच्या नमुन्याच्या प्रकाशाला कटऑफच्या प्रकाशानं भागलं की तुमच्या रिपोर्टवरचा आकडा मिळतो. एकच्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह. ०.११ आणि ०.२७ या दोन्हींचा अर्थ तंतोतंत एकच. तुमचंच रक्त, तीच बाटली, आज सकाळी लावली आणि दुपारी परत लावली तरी ०.१२ आणि ०.१९ येऊ शकतं. तुम्ही तर प्रत्येक वेळी वेगळ्या गावात, वेगळ्या मशीनवर केलंय. एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळवून बघायचाच नसतो.

खरी लागण असती तर काय दिसलं असतं? लागण होऊन काही महिने झालेल्या माणसाचा आकडा एकच्या अलीकडं पलीकडं रेंगाळत नाही. तो कटऑफच्या दहापट, शंभरपट जातो. वर्ष उलटून गेल्यावर ०.२७ वर अडकलेली लागण नसते.

किट खराब असण्याबद्दल. रॅपिड टेस्टच्या कार्डावर किंवा ट्राय-डॉटसारख्या किटवर एक कंट्रोलचा ठिपका किंवा रेघ असते. रक्तात काही असो नसो, ती उमटलीच पाहिजे. नाही उमटली तर ती टेस्ट बाद, पुन्हा करायची. मोठ्या मशीनवर रोज सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी माहितीतले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुने चालवून बघतात. एखादं किट एखाद्या दिवशी बिघडू शकतं हे मी नाकारत नाही. पण वेगवेगळ्या गावांतली वेगवेगळ्या कंपन्यांची किटं एकाच माणसासाठी ठरवून बिघडत नाहीत.

अजिंक्यतारा

मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं आयसीटीसीत समुपदेशक होते, आता त्या कामात नाही. आधी रक्तदानाबद्दल, कारण तो सल्ला वाचून काळजाचा ठोका चुकला.

टेस्ट करून घेण्यासाठी रक्तदान कधीही, कुणीही करू नये. आपल्याकडं दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे हे खरं. पण लागण झाल्यावर पहिले काही दिवस कुठलीच टेस्ट ती पकडू शकत नाही. त्या दिवसांत दिलेली पिशवी तपासणीतून निसटते आणि बाळंतीण, थॅलेसेमियाचं लेकरू, अपघातातला माणूस, कुणालाही चढते. दूषित रक्त चढवलं तर दहापैकी नऊपेक्षा जास्त जणांना लागण होते. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्यानं शिबिराकडं फिरकू नये आणि सरळ आयसीटीसीत जावं. तिथं टेस्ट फुकट होते आणि सहसा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो.

आता विंडो पिरियड. 'सहा महिने' हा शब्द जुन्या काळातल्या टेस्टमधून आलेला आहे आणि लोकांच्या डोक्यातून जात नाही. आज नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्ट लागण झाल्यापासून २३ ते ९० दिवसांत ती दाखवतात. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची टेस्ट पी२४ सुद्धा शोधते, म्हणून १८ ते ४५ दिवसांत. विषाणूचा आरएनए शोधणारी टेस्ट त्याहून लवकर, १० ते ३३ दिवसांत. सरकारी केंद्रात आम्ही तीन महिने सांगतो, त्यात सगळ्यात हळू प्रतिसाद देणारं शरीरही येतं. याला अपवाद असतात ते ओळखू येण्यासारखे असतात: प्रसंगानंतर लागण टाळायच्या गोळ्या घेतलेले लोक, किंवा केमो आणि अवयव प्रत्यारोपणाच्या औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खाली गेलीय ते. तुम्ही यातलं काही लिहिलं नाही.

पैलवानदादांचा 'दहा वर्षांनी निघाला' हा माणूस मीही पाहिलाय, एक नाही, खूप. त्याची टेस्ट दहा वर्षं निगेटिव्ह येत नव्हती. त्यानं दहा वर्षं टेस्टच केली नव्हती. औषध न घेता लागण ते आजारपण यात आठ-दहा वर्षं सहज जातात, त्या काळात माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो. मग टीबी होतो आणि तेव्हा पहिल्यांदा रक्त तपासलं जातं. गावाला वाटतं आजार आत्ता 'निघाला'.

धोका किती होता तेही सांगते, कारण तुम्ही खरं विचारलंत. समोरची स्त्री एचआयव्हीसह जगणारी आणि औषध न घेणारी आहे असंच धरलं, तरी कंडोमशिवायच्या योनिसंबंधात पुरुषाला लागण होण्याचा अंदाज दर दहा हजार प्रसंगांत चारच्या आसपास सांगतात. दुसरा गुप्तरोग किंवा जखम असेल तर वाढतो. हा आकडा बिनधास्त राहायला नाही, कुणाला तरी पहिल्याच वेळी होते. पण तुमच्या हातात अंदाजापेक्षा भक्कम गोष्ट आहे, मुदतीनंतरचा रिपोर्ट.

येरळाकाठचा

तुम्हा दोघांचे खूप आभार. आकड्याचं पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगितलं. वाचून दोन तास एकदम हलकं वाटलं, खरंच सांगतो. मग संध्याकाळी परत चालू झालं. जिभेचं काय? घामाचं काय? आणि मागच्या महिन्यात सलूनमध्ये दाढी करताना कापलं होतं, ब्लेड नवीन होतं का ते बघितलं नाही. आधीचं नसलं तरी तिथून लागलं असेल तर? म्हणजे त्यापासून परत तीन महिने मोजायचे का?

वाळव्याची_लेक

दादा, तुमचं वाचून माझं लिहिते. माझं उलटं झालं होतं.

पहिल्या खेपेला तिसरा महिना चालू होता. गावातल्या डॉक्टरांनी सगळ्या रक्ततपासण्या एका खाजगी लॅबमध्ये करायला सांगितल्या. लॅबचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, मिसेसचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, तुम्हीपण या. मला आधी सांगितलं नाही, विचारलं नाही. एकच टेस्ट, तीपण पहिली. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही. नवरा माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं. सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं. मी विहिरीकडं दोनदा बघून आले, हे आजपर्यंत माहेरी सांगितलेलं नाही.

माझी जाऊ आशा वर्कर आहे. तिनं दुसऱ्या दिवशी हाताला धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या मॅडमनी आधी पाणी दिलं, मग रिपोर्ट बघून म्हणाल्या, हा रिपोर्ट अजून पूर्ण झालेलाच नाही. तिथं पुन्हा टेस्ट केली, निगेटिव्ह. पहिलीकडं रिॲक्टिव्ह आलं होतं म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावून केली, तेव्हाही निगेटिव्ह. नवऱ्याचीपण निगेटिव्ह. गरोदरपणात कधी कधी पहिली टेस्ट खोटी रिॲक्टिव्ह येते असं मॅडमनी सांगितलं. आमची लेक आता शाळेत जाते. पण ते वेगळं ताट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ज्या बाईचा रिपोर्ट खरा येतो तिच्या ताटाचं काय होत असेल?

मिरज_लॅबवाला

ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते कामाच्या नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली तर लॅबनं 'पॉझिटिव्ह' हा शब्द उच्चारायचा नसतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पद्धतीत वेगवेगळ्या घडणीच्या तीन किटांवर एकामागून एक तपासतात. तिन्ही रिॲक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह म्हणतात. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर काही आठवड्यांनी परत रक्त घेतात.

तीन का, हे हिशेबानं दाखवतो. समजा दहा हजार लोकांची तपासणी केली आणि त्यातल्या २० जणांना खरी लागण आहे. किट इतकं चांगलं धरा की लागण नसलेल्या हजार जणांत फक्त पाच वेळा चुकतं. तरी ९,९८० निरोगी माणसांत जवळजवळ ५० खोटे रिॲक्टिव्ह निघतील. म्हणजे पहिल्या टेस्टवर ७० रिॲक्टिव्ह, आणि त्यातले खरे २०. चांगलं किट असूनही असं होतं, कारण निरोगी लोकच फार जास्त असतात. दुसरं आणि तिसरं किट वेगळ्या घडणीचं असल्यामुळं ते ५० जण गळून पडतात.

येरळाकाठचा भाऊ, हाच हिशेब तुमच्यासाठी उलटा वाचा. ही किटं मुद्दाम अशी बनवतात की चुकली तर 'आहे' म्हणून चुकावीत, 'नाही' म्हणून नव्हे. खरी लागण सुटू नये म्हणून चार निरोगी माणसांना परत बोलवावं लागलं तरी चालेल, असा त्यामागचा विचार. एवढ्या संशयी टेस्टनं तुम्हाला पुन्हा पुन्हा 'नाही' म्हटलंय.

अजिंक्यतारा

वाळव्याच्या ताई, हे इथं लिहायला धीर लागतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट परस्पर दुसऱ्याला, नवऱ्यालासुद्धा, असा फोनवर सांगता येत नाही. आपल्या गावागावात ही गोष्ट पोचलेली नाही.

सलूनचं. तीन महिने परत मोजायचे नाहीत. विषाणू शरीराबाहेर वाळायला लागला की झपाट्यानं निकामी होतो, आणि वस्तऱ्याच्या ओरखड्यातून लागण होणं व्यवहारात धरण्यासारखं नाही. नवीन ब्लेड मागावंच, हिपॅटायटिससाठी ते गरजेचं आहे. डास, एकत्र जेवण, संडास, पोहायची विहीर, शिंक, घाम, यातून एचआयव्ही पसरत नाही.

जीभ आणि घाम यासाठी मात्र डॉक्टरकडं जाच. एचआयव्हीसाठी नव्हे. वजन उतरणं आणि रात्रीचा घाम असेल तर थुंकी, छातीचा फोटो, साखर आणि थायरॉईड एकदा बघून घ्यावं, भीतीच्या नादात हे राहून जातं. ते सगळं चांगलं आलं तर उत्तर उरतं तुमच्या झोपेत आणि जेवणात. रोज आरशात बघितलं तर कुणाचीही जीभ पांढरीच दिसेल.

डाळिंबबाग

मी आटपाडी तालुक्यातली आहे. २००३ पासून मला माहीत आहे की मी पॉझिटिव्ह आहे. सगळा धागा वाचला. येरळाकाठच्या भावावर माझा राग नाही, पण 'पोरीचं वाटोळं' वाचल्यावर दोन दिवस लिहू की नको असं झालं. मग म्हटलं लिहू.

आमचे हे गलाईला होते, परराज्यात. आमच्या आणि खानापूर तालुक्यात घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायला कुठं ना कुठं आहे. वर्षातून एकदा यात्रेला यायचे. ते आजारी पडून आले तेव्हा टीबी म्हणाले, मग कळलं. ते गेले त्या वर्षी माझं रक्त तपासलं. माझी पोरगी तेव्हा अडीच वर्षांची, तिचं निगेटिव्ह आलं. दीड वर्षाच्या आत आईच्या अँटीबॉडी बाळात असतात म्हणून त्या टेस्टवर विसंबता येत नाही, तिचं वय पुढं गेलेलं होतं म्हणून तिथल्या तिथं सुटका झाली. त्या दिवशी मी स्वतःचं विसरून हसले होते.

तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्या. एप्रिल २००४ पासून देशात मोजक्या ठिकाणी फुकट सुरू झाल्या, आपल्या भागात पोचायला वेळ लागला. आधीच्या गोळ्या दिवसातून दोनदा. पायाला मुंग्या यायच्या, गाल बसले, लोक तोंडावरून ओळखायचे. आता रात्री एकच गोळी. वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी टेस्ट होते, कितीतरी वर्षं माझा सापडण्याच्या खाली आहे. याचा अर्थ डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावला होता: गोळी रोज घेतली आणि लोड दबलेला राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. मी दीड एकर डाळिंब करते. तेल्या रोग आला की झोप उडते, एचआयव्हीनं आता उडत नाही. पोरीचं लग्न झालं, नातू आहे.

सांगलीत गोकुळनगरातल्या धंदा करणाऱ्या बायकांनी 'संग्राम' संस्थेबरोबर १९९२ पासून हातात कंडोम घेऊन या आजाराशी सामना केला. तेव्हा चांगल्या घरातले लोक या आजाराचं नावही घेत नव्हते. आमच्यासारख्या गलाईवाल्यांच्या बायकांना कुणी सावध केलं असेल तर अशाच बायकांनी आणि संस्थांनी. त्यांना लोकांनी काय काय म्हटलं ते मी ऐकलंय.

भाऊ, तुमचं निगेटिव्ह आहे, आनंद आहे. पण समजा पॉझिटिव्ह असतं, तरी वाटोळं झालं नसतं. केसपेपर काढला असता, गोळी सुरू झाली असती, आणि लग्नाआधी खरं सांगून, तिची मर्जी असेल तर लग्नही झालं असतं. आमच्या ओळखीत असे संसार आहेत, त्यांची पोरं निगेटिव्ह आहेत. तुम्ही ज्याला एवढं भिताय ते मी रोज सकाळी उठून जगते. मला बघून भिऊ नका.

येरळाकाठचा

ताई, तुमचं लिखाण बसमध्ये वाचलं. पुढच्या स्टॉपला उतरलो, बराच वेळ रस्त्याकडेला उभा होतो. तो शब्द मागे घेतो.

कृष्णामाई_घाट

येरळाकाठचा, मी सांगलीचाच. मला हीच भीती होती, फक्त माझ्या बाबतीत प्रसंगही घडला नव्हता. रस्त्यावर पडलेली सुई दिसली तरी पायाला लागली का बघायला घरी जाऊन चप्पल तपासायचो. लोकांनी एवढं समजावलं की मीच दुसऱ्यांना विंडो पिरियड शिकवू शकलो असतो. माहिती वाढली, भीती तसूभर कमी झाली नाही. तुम्ही लिहिलंत की वाचून दोन तास हलकं वाटलं, संध्याकाळी परत. तिथंच मला ओळखू आलं.

शेवटी मिरजेत मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक टेस्टनं भीतीला खाऊ मिळतो. निगेटिव्ह आलं की सुटकेचा श्वास, मेंदूला त्याचीच चटक लागते, मग नवी शंका काढून तो पुन्हा लॅबकडं ढकलतो. आधी ब्लेड, मग जीभ, मग आकडा. याला उपचार आहेत. मला गोळ्या दिल्या आणि जोडीला एक सराव: शंका आली की टेस्ट नाही, इंटरनेट नाही, कुणाला विचारणं नाही, शंकेला तशीच बसू द्यायचं. पहिले आठवडे भयंकर गेले. छातीत धडधडायचं, हात लॅबच्या नंबरकडं जायचा. मग धडधड आपोआप उतरते हे अंगाला कळायला लागलं. आजही कधी तरी शंका येते, पण लॅबकडं जात नाही.

घराबाहेर पडायची लाज वाटत असेल तर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. एचआयव्हीच्याच माहितीसाठी नॅकोचा, म्हणजे सरकारी एड्स नियंत्रण संस्थेचा, १०९७. पण तुम्हाला १०९७ ची गरज संपलीय असं मला वाटतं.

अजिंक्यतारा

कृष्णामाईंनी लिहिलंय ते मनापासून वाचा. म्हणून आता जीभ, सलून, आकडा यावर मी उत्तर देणार नाही. रागानं नाही. माझं उत्तरही तुमच्यासाठी आणखी एक टेस्टच ठरेल.

येरळाकाठचा

कळलं. अवघड आहे, पण कळलं. कृष्णामाईदादा, मानसोपचारची ओपीडी कुठल्या वारी असते, सोबत कुणी आणावं लागतं का, एवढंच सांगा. जुने रिपोर्ट नेऊ का?

कृष्णामाई_घाट

सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, तिथंच वार सांगतात. सोबत कुणी नसलं तरी चालतं, मी एकटाच गेलो होतो. रिपोर्टची फाईल नेऊ नका. शेवटचा एक पुरे.

सिस्टर_नवीन

माफ करा, मध्येच लिहितेय, वेगळा धागा काढायला वेळ नाही. मी एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे. काल रात्री दहाच्या सुमारास रक्त काढून झाल्यावर सुई बोटात घुसली, रक्त आलं. पेशंट पॉझिटिव्ह आहे, गोळ्या चालू आहेत. वरिष्ठ म्हणाले साबणानं धू, काही होत नाही, कुठं बोलू नको. रात्रभर ड्युटी केली, आता सुटतेय. काय करू?

अजिंक्यतारा

घरी जाऊ नका. तिथूनच रिक्षा करून सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा आणि स्पष्ट सांगा: सुई टोचली आहे, पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, पीईपी, म्हणजे लागण टाळायच्या गोळ्या हव्यात. मुदत ७२ तासांची आहे, पण जितक्या लवकर तितकं चांगलं. अशा टोचण्यातून लागण हजारात तीनच्या आसपास, पेशंटचा लोड गोळ्यांनी दबलेला असेल तर त्याहून कमी. तरी गोळी थांबवायची नाही. रिपोर्टची वाट बघत पहिला डोस अडवू देऊ नका. बोट पिळू नका, त्यावर स्पिरिट चोळू नका. पेशंट कुठल्या गोळ्या घेतो ते माहीत असेल तर डॉक्टरांना सांगा. आज तुमचंही रक्त घेतील, ते आधीची स्थिती नोंदवण्यासाठी असतं, घाबरू नका. हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत का ते आठवून ठेवा.

मिरज_लॅबवाला

ताई, पोचल्यावर इथं एक ओळ टाका.

सिस्टर_नवीन

पोचले. आधी म्हणाले सोमवारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं या. तुमचं वाचूनच गेले होते, म्हणून हलले नाही, पहिली गोळी आत्ताच हवी म्हटलं. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांनी लगेच दिली. २८ दिवस रोज एक. हिपॅटायटिसचा तिसरा डोस राहिला होता, तोही लिहून दिला. हात अजून थरथरतोय पण गोळी पोटात गेली.

अजिंक्यतारा

शाब्बास. २८ दिवसांत एकही चुकवू नका. मळमळ झाली तर रात्री जेवून घ्या. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, ती या गोळीबरोबर एकाच वेळी घ्यायची नसतात. टेस्ट सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. तुम्ही गोळ्या घेतल्यात म्हणून तुमचं वेळापत्रक लांब आहे, वर ज्यांना तीन महिने सांगितले त्यांच्याशी तुलना करू नका. तोपर्यंत कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका.

आणि दवाखान्यात घटनेची लेखी नोंद करायला लावा, तारीख आणि वेळेसह. २०१७ च्या कायद्यानं कर्मचाऱ्याला अशा वेळी पीईपी देणं आणि आधीपासून सुरक्षिततेची साधनं पुरवणं हे दवाखान्यावरच बंधन आहे. अर्जाची एक प्रत स्वतःकडं ठेवा. घ्यायला नकार दिला तर मला इथं सांगा, मसुदा लिहून देते.